पाठीला आढं असलेली गोगलगाय

राधानगरी
२४ जुलै १९९५

प्रिय अक्षतास,
मीनाआत्तीचा जयभीम.

कधी न्हाय ते आत्तीनं कागद कशाला हातात धरला म्हणशील. कारण तसंच हाय.

गेल्या महिन्यात तू कालेजातल्या पोरी घेऊन आमच्या रोपवाटिकेत आलतीस. वाफ्याच्या कडंचे दगड उचलून बिनशंखाच्या गोगलगायी बाटलीत भरल्यास. मी इचारलं, ह्या काय खात्यात गं? तू म्हणालीस, पानं. तवा मी गप बसले. तू पीएचडी करणारी, माझी सातवी. पण ते मनातनं जाईना.

अक्षता, ती पानं खात न्हाय. ती शंखी खाते, शंखवाली गोगलगाय.

गेल्या सोमवारी सकाळी सातला भुरभुर चालू हुती. मी हिरड्याच्या पिशव्या लावत हुते. पिशवीच्या आडोशाला ती दिसली, काळपट, बोटाएवढी. पुढं एक बारकी शंखी. मला वाटलं दोघी जवळजवळ बसल्यात. मग बघते तर हिनं तोंड शंखीच्या दारात घातलेलं. मी हातातलं काम टाकून तिथंच बसले. माझ्याबरोबरची चिमणाबाई वराडली, मीना, बाळासो मुकादम आला बघ! तरी उठले न्हाय. तासाभरानं ती बाजूला झाली. शंख उचलून बघितला, आत काय न्हाय. धुतल्यासारखा.

आता हे तुला का लिहिते सांगते. शंख्या हिरड्याचं कोवळं कोंब खात्यात म्हणून ठेकेदारानं पांढऱ्या इखारी गोळ्या आणल्यात. त्या खाऊन शंखी मरती आणि ही बी मरती. मी मुकादमाला म्हणलं, ही आपलंच काम करतीय, हिला का मारता? सगळे हसले. म्हणून तू शिकलेल्या माणसांना इचारून कळीव.

आण्णाला सांग, मीनानं इचारलंय. आमच्या घरी तुझ्या मामाचं, दादासोचं बरं हाय. आमचा प्रसेन दहावीला गेला.

तुझी,
मीनाआत्ती


शाहूपुरी, कोल्हापूर
३ ऑगस्ट १९९५

प्रिय मीनाआत्तीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मीना पहिल्यापासनं तशीच. शाळेला निघाली की ओढ्यात उतरून खेकडं बघत बसायची, आणि मार मला, थोरला भाऊ म्हणून." ते खूप हसले.

आता तुझ्या प्रश्नाचं. बिनशंखाच्या गोगलगायी सगळ्या एका कुळातल्या नसतात. शास्त्रात त्यांची वेगवेगळी कुळं केलेली आहेत. तुझ्याकडच्या ज्या मी नेल्या, त्या चामड्यासारख्या पाठीच्या, शंखाचा मागमूस नसलेल्या कुळातल्या. हे कूळ पानं खातं. दुसऱ्या गोगलगायींना मारून खाणाऱ्याही असतात, पण त्या निराळ्या कुळांत. पुस्तकात ज्यांची चित्रं आहेत त्यांच्या शेपटीकडे नखाएवढा शंख उरलेला असतो. तुझ्या ह्या गोगलगायीला तसं काहीच नाही. म्हणून ती शिकारी असणं अवघड वाटतं. शंखी आधीच मेलेली असेल, आणि ही तिच्यावरचा चिकटा चाटत असेल.

रागावू नकोस. डोळ्यांना दिसतं त्याचा अर्थ लावताना आम्हीही चुकतो. आणि मुकादमाशी भांडू नकोस गं. रोजचं काम आहे तुझं.

तुझी,
अक्षता


राधानगरी
१९ ऑगस्ट १९९५

प्रिय अक्षता,
जयभीम.

शंखी जिती हुती. शिंगं बाहेर काढून चालत हुती. मेली आणि जिती मला कळत न्हाय व्हय?

तुझं पत्र आल्यापास्नं रोज सकाळी कामाला जायच्या आधी वाफ्याकडं जाते. तीनदा बघितलं. दोनदा तोंड दारातनं घातलं. तिसऱ्यांदा शंखीनं दार मिटून घेतलं, तर हिनं शंखालाच भोक पाडलं. तो भोकाचा शंख डब्यात ठेवलाय, बघ.

आणि दुसरं, जे तुला कुणी सांगितलं न्हाय. तू बाटलीत दोन जातीच्या भरल्यास. एक रुंद, चपटी, भाकरी थापल्यासारखी. ती परसात भोपळ्याची पानं खाते, ते मला मान्य. दुसरी तिच्यासारखीच काळपट, बिनशंखाची, पण अंगानं निमुळती आणि पाठीच्या मधनं उंच. घराच्या आढ्यावाणी. दोन्हीकडं उतार. शंखी खाणारी ती. तू दोघींना एकच म्हणालीस.

कोल्हापूरला येणाऱ्या रंकाळा एस्टीच्या डायव्हरजवळ डबा देते. ओलं शेवाळं घातलंय. चार आढ्याच्या, दोन चपट्या. सोबत धा-पंधरा शंख्या. तू आता पुस्तक मिट आणि बघत बस.

मीनाआत्ती


शाहूपुरी, कोल्हापूर
२ सप्टेंबर १९९५

माझ्या लाडक्या मीनाआत्तीस,

मी चुकले. मी चुकले. आण्णांच्या देखत तीनदा म्हणाले, आता कागदावर लिहिते.

डबा आला तेव्हा चारच शंख्या जिवंत होत्या. बाकीच्या तुझ्या आढ्यावाल्यांनी एस्टीतच फस्त केल्या होत्या! उरलेल्या चार मी काचेच्या पेटीत सोडल्या. एका बाजूला चपट्या, एका बाजूला आढ्याच्या, दोन्हीकडे भोपळ्याचं पान. चपट्यांनी पान कुरतडलं. आढ्याच्यांनी पानाला तोंड लावलं नाही, आणि बारा वाजेपर्यंत एक शंखी रिकामी. मी खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. माझ्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणी म्हणाल्या, अगं जेवायला चल. मला भूकच नव्हती.

आत्ती, हे फार मोठं आहे. आपल्याकडं शिकारी बिनशंखाच्या गोगलगायींवर कुणी नीट कामच केलेलं नाही. आता प्रश्न असा की तिला कुठल्या कुळात बसवायचं. दिसायला ती पानं खाणाऱ्यांची, वागायला शिकाऱ्यांची. हे दात आणि आतले अवयव बघितल्याशिवाय ठरणार नाही. सोमवारी सरांना दाखवते. जे काही छापून येईल त्यात तुझं नाव असेल, हा माझा शब्द.

सोबत एक वही पाठवते. जेव्हा बघशील तेव्हा तारीख, वेळ, पाऊस होता का, कुठली शंखी, किती वेळ लागला, एवढं लिहीत जा. तू म्हणशील कामाला लावलं. लावलंच.

तुझी,
अक्षता


राधानगरी
१४ जानेवारी १९९६

प्रिय अक्षता,
जयभीम.

चार महिनं झालं, तुझं पत्र न्हाय. पोस्टमन आला की मीच पुढं जाते, तो म्हणतो, आत्ती, अजून न्हाय.

वहीत सतरा वेळा लिहिलंय. दिवाळीनंतर एक बी दिसली न्हाय. माती वाळली की खाली जात असतील. दोन दगड उलटले, तर एक खोल गेलेली सापडली, अंग आवळून. परत झाकून ठेवली.

सर काय म्हणाले?

एक काम हाय. ठेकेदार स्वतः आलता. मी त्याला सांगितलं, माझी भाची कालेजात ह्याचाच अभ्यास करते, ती म्हणते ही गोगलगाय रोपाची राखण करते, गोळ्या टाकू नका. तो म्हणाला, कागद आण. कालेजाचा शिक्का असलेला कागद आण, मग बघू. दोनच ओळी लिहून दे की. तुझ्या सरांची सही असली तर लईच बरं. जून यायच्या आत मिळाला तर यंदाच्या वाफ्यात गोळ्या पडणार न्हाईत.

आण्णाच्या खोकल्याला बेहड्याची साल पाठवतेय.

मीनाआत्ती


शाहूपुरी, कोल्हापूर
११ फेब्रुवारी १९९६

आदरणीय मीनाआत्तीस,
जयभीम.

पत्र मिळालं. उशीर झाला, क्षमस्व. प्रबंधाच्या कामात फार गुंतले आहे.

सरांचं म्हणणं, या विषयावर अजून बराच अभ्यास व्हायला हवा. तोपर्यंत लेखी काही देता येणार नाही. कॉलेजचा कागद असा देता येत नाही, त्याची पद्धत असते. काम चालू आहे. काही ठरलं की कळवीन.

आण्णांना साल मिळाली. त्यांना बरं वाटतंय.

तुझी,
अक्षता


राधानगरी
१० जुलै १९९६

प्रिय अक्षता,

तुझं पत्र कवाच पोचलं, उत्तराला उशीर झाला. तुझा अभ्यास हुंदे. तू डाक्टर झालीस की आमच्या सगळ्या वस्तीत पेढे वाटू.

मी आता रोपवाटिकेत जात न्हाय. गुडघं दुखत्यात. बसून उठणं जमत न्हाय. घरीच हाय. काळजी करू नको.

मीनाआत्ती


शाहूपुरी, कोल्हापूर
१२ जुलै २००३

मीनाआत्ती,

सात वर्षांनी लिहिते आहे. फोन तुमच्या प्रसेनकडे आहे, नंबरही माझ्याजवळ आहे. पण हे फोनवर बोलायचं माझ्याकडून झालं नसतं.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या कॉलेजात रोपं द्यायला एक माणूस आला. राधानगरीचा म्हणाला. मी आपलं विचारलं, मीना समुद्रेंना ओळखता का? तो म्हणाला, "ओळखतो म्हंजे! मी बाळासो, त्यांचा मुकादम हुतो. लई खमक्या बाई. इखाच्या गोळ्या वाफ्यातनं येचून खड्ड्यात पुरल्या, म्हणून ठेकेदारानं काढलं की त्यांस्नी." मी म्हणाले, त्यांचे गुडघे दुखत होते ना? तो म्हणाला, "कुठलं गुडघं, बाई? काढल्यावर त्या उसाच्या भांगलणीला जात हुत्या. दिसभर वाकून तण काढायचं."

मी रोपांच्या पावतीवर सही केली आणि तिथून निघाले.

आता माझं ऐक. ९५ च्या सप्टेंबरात मी सरांकडे गेले होते. पेटी घेऊन, भोकाचा शंख घेऊन. त्यांनी पेटीकडे बघितलं नाही. म्हणाले, "बंदिस्त जनावर भुकेनं काहीही खातं. आणि निरीक्षण कुणाचं? तुमच्या नात्यातल्या रोजंदारीच्या बाईचं? असं लिहिलं तर परीक्षक तुम्हालाच नाही, मलाही हसतील." मग म्हणाले, "तुम्ही लोक शिष्यवृत्तीवर येता, वेळेत संपवा." तुम्ही लोक. मी खाली मान घालून बाहेर आले. आपल्या घरातली पहिली पीएचडी होती, आत्ती. आण्णा रोज विचारायचे, किती राहिलं? मी प्रबंधात दोन्ही गोगलगायी एकाच नावाखाली लिहिल्या. तुझं नाव कुठेच नाही. त्यावर मला पदवी मिळाली, त्यावर नोकरी.

प्रसेनच्या लग्नात मी तुला लांबून बघितलं. जेवले आणि निघून आले.

बाळासो भेटला त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपाटातली जुनी बाटली काढली. तुझ्या डब्यातल्या दोन आढ्याच्या मी तेव्हा स्पिरिटमध्ये जपून ठेवल्या होत्या. एक चिरून बघितली. पानं खाणाऱ्यांचे दात खवणीसारखे, बारीक आणि बोथट असतात. हिचे लांब आणि वाकडे, खुरप्यासारखे. पानं खाणाऱ्यांची शी करायची जागा शेपटीच्या टोकाला असते, हिची पुढं, उजव्या बाजूला. म्हणजे ती त्या कुळातली नाही. पण शेपटीला शंख असणाऱ्या शिकाऱ्यांतलीही नाही. तिची खालची शिंगं टोकाला दुभंगलेली आहेत, अगदी पानं खाणाऱ्यांसारखी. नातं त्यांच्याशीच आहे, चुलत घर आहे. काय खाते त्यावरून कूळ ठरत नाही, एवढं साधं मला कळायला आठ वर्षं लागली. तू ते पाठीकडे बघून पंधरा दिवसांत सांगितलं होतंस.

क्षमा कर असं लिहायचा मला हक्क नाही. तिकडे त्या अजून आहेत का, एवढं कळव. आणि नाही कळवलंस तरी मी समजेन.

अक्षता


राधानगरी
३० जुलै २००३

अक्षता,
जयभीम.

तुझं पत्र प्रसेनच्या बायकोनं, सोनमनं वाचून दाखवलं. तवा माझा चष्मा फुटला हुता. ती वाचता वाचता रडाय लागली, मला म्हणाली, आत्याबाई, ह्यास्नी लिहा काहीतरी. मी म्हणलं, लिहिते, पण घाई न्हाय.

लग्नात तू आलीस ते मी बघितलं हुतं. निळी साडी. ताटात जिलेबी तशीच ठेवून गेलीस. मी दादासोला म्हणलं, पोरीचं काहीतरी चुकलंय, तिला माझ्या तोंडाकडं बघवंना. पण काय चुकलं ते मला ठावं नव्हतं. मला वाटलं तू मोठी झालीस, आत्ती खुरपं घेऊन फिरती, लाज वाटत असंल. हे मला लई दिवस लागलं हुतं. आज कळलं की ते न्हाय. म्हणून राग हाय, पण थोडा कमी हाय.

माझं काम गेलं ते तुझ्या कागदापायी न्हाय. गोळ्या मी पुरल्या. कागद आला असता तरी पुरल्याच असत्या. गुडघ्याचं खोटं लिहिलं कारण तुझी परीक्षा हुती. दोघींनी बी खोटंच लिहिलं म्हणायचं.

तुझ्या सरांचं वाचून नवल वाटलं न्हाय. काय खात्यात त्यावरनं कूळ ठरवणारी माणसं मी जन्मभर बघितली. आपल्या आज्ज्याला मेलेलं जनावर ओढाय लावायचं, आणि खाल्लं म्हणून इटाळ मानायचा. गोगलगायीला बी त्यांनी तसंच केलं म्हणायचं.

त्या हायत. मी दोन वर्स भांगलणी केली, मग परसात चार वाफं घातलं. जांभूळ, हिरडा, बेहडा. बाळासो आता माझीच रोपं विकतो, तुझ्या कालेजात आलेली बी माझीच. पहिल्याच पावसाळ्यात शंख्या आल्या, आणि मागनं आढ्याची आली. मी गोळ्या टाकत न्हाय.

तुझी वही मी चुलीत घालणार हुते. घातली न्हाय. भरली, मग प्रसेनला शिरोलीच्या कारखान्यातनं कोऱ्या डायऱ्या मिळायच्या, त्या भरल्या.

वह्या पाठवणार न्हाय. तुला पाहिजेल तर ये. आणि माझ्याजवळ बसून बघ.

मीनाआत्ती


शाहूपुरी, कोल्हापूर
२६ ऑगस्ट २००३

प्रिय मीनाआत्ती,
जयभीम.

पोचले. आण्णांना तुझी जांभळाची रोपं दिली, त्यांनी गॅलरीत ठेवली आहेत आणि कुणाला हात लावू देत नाहीत.

तुझ्या परसात ते तीन दिवस तू फारसं बोललीच नाहीस. पहिल्या सकाळी पोतं टाकलंस, म्हणालीस, "बस." मला वाटलं आता बोलणी बसणार. तू नुसतं बोट केलंस. पावणेसातपासून साडेआठपर्यंत आपण दोघी त्या एका गोगलगायीकडे बघत होतो. माझ्या पायांना मुंग्या आल्या, तू हलली नाहीस. मग म्हणालीस, "आता ती थांबंल. पोट भरलं की शिंगं आत घेते." आणि तिनं घेतली. मी हे कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही.

निघताना तू डायऱ्या माझ्या पिशवीत घातल्यास. मी रस्ताभर पिशवी मांडीवर धरून बसले होते. काल रात्रीपर्यंत मोजलं. आठ वर्षांत, मधली दोन सोडून, एकशे त्रेसष्ट वेळा तू तिला खाताना बघितलंस. कुठली शंखी किती वेळा, पाऊस होता की नव्हता, सगळं.

मी लेख लिहिते आहे. दोन नावं असतील. तुझं नाव कसं लिहू?

तुझी,
अक्षता


राधानगरी
८ सप्टेंबर २००३

प्रिय अक्षता,
जयभीम.

नाव मीना दादासो समुद्रे असं लिही. दादासो म्हणाला, माझं नाव कशाला, मी कधी त्या गोगलगायीकडं बघितलं बी न्हाय. पण चहा करून परसात आणून द्यायचा तो, इतकी वर्स. म्हणून राहू दे.

एक सांगायचं हाय. त्यात तुझी चूक बी लिही. ९५ ला दोन जाती एका बाटलीत घातल्या, आणि डाक्टरकीच्या पुस्तकात एकच म्हणून लिहिलं, असं सरळ लिही. त्याशिवाय माझं नाव घालू नको. कारण उद्या दुसरी कोण पोर तुझं पुस्तक वाचंल आणि तीच चूक करंल. मला तुला खाली बघाय लावायचं न्हाय. विचार करून बघ. न्हाय जमलं तर न्हाय म्हण, पण गप बसू नको.

मीनाआत्ती


शाहूपुरी, कोल्हापूर
६ फेब्रुवारी २००५

प्रिय मीनाआत्ती,
जयभीम.

गप बसले नाही, तुला फोनवर कळवत होते, पण हे कागदावरच सांगायचं होतं. लेख छापून आला. प्रत सोबत आहे.

आधी वाईट बातमी, म्हणजे माझ्या दृष्टीनं. ती नवी जात नाही. परदेशातल्या एका संग्रहालयातल्या बाईंनी जुळवून बघितलं. शंभर वर्षांपूर्वी कुणी साहेब सह्याद्रीतून एकच मेलेली घेऊन गेला होता. नाव त्यानं ठेवलं, आणि कूळ चुकीचं लावलं. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग त्या बाईंचं दुसरं पत्र आलं. त्या लिहितात, नाव आमच्याकडे होतं, पण हा प्राणी जगतो कसा हे कुणालाच माहीत नव्हतं. समुद्रे बाईंच्या नोंदींसारख्या नोंदी आमच्याकडे एकाही शिकारी बिनशंखी गोगलगायीच्या नाहीत. आता तिला तिच्या खऱ्या कुळात बसवलं आहे, आणि ते बसवताना दातांच्या जोडीनं तुझ्या वह्यांचा आधार दिला आहे.

चूक लिहिली. तिसऱ्या परिच्छेदात, 'माझ्या प्रबंधात मी' अशी सुरुवात करून. विभागात दोघांनी सांगितलं, कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस, बढतीचं वर्ष आहे. लेख पाठवण्याआधी मी तो घेऊन सरांच्या घरी गेले. ते आता फार थकलेत. भिंग धरून वाचलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "तू पेटी घेऊन आली होतीस. मी पाहिलीच नाही." मी म्हणाले, हो सर. ते म्हणाले, "मग हेही लिही." मी म्हणाले, तुमच्याबद्दल मी लिहिणार नाही, माझ्याबद्दल लिहिलंय. त्यांनी दारापर्यंत येऊन विचारलं, "त्या बाई आहेत अजून? त्यांना माझा नमस्कार सांग." तो तुला सांगते. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

मार्चमध्ये विभागात विद्यार्थ्यांसमोर बोलायला तू येशील? मी गाडी पाठवते. नाही म्हणू नकोस.

तुझी,
अक्षता


राधानगरी
२० मार्च २००५

प्रिय अक्षता,
जयभीम.

घरी नीट पोचलो. प्रसेननं रंकाळ्यावर थांबवून उसाचा रस पाजला. दादासोनं वाटंत धा जणांस्नी सांगितलं, आमची मंडळी कालेजात शिकवाय गेलती. मी त्याला गप म्हणलं, तो काय गप बसतो.

तिथं मी काय बोलले ते मला आता आठवत न्हाय. तुझी ती पडद्यावरची दातांची चित्रं आली आणि मी बघतच राहिले. इतकी वर्स जिच्या शेजारी बसले, तिचं तोंड आतनं कसं हाय ते मला ठावं नव्हतं. तेवढं तू दाखवलंस. ते माझ्याच्यानं कधी झालं नसतं, हे बी लिहून ठेवते.

मागच्या बाकावरच्या पोरीनं इचारलं, मावशी, एकशे त्रेसष्ट वेळा तेच बघून कटाळा आला न्हाय का? सगळे हसले. तवा मी बी हसले, उत्तर तुला लिहिते. काम सुटल्यावर घरात बसवत नव्हतं. कुणी काय इचारत नव्हतं, आणि इचारलं तर गुडघ्याचं सांगायची. परसात वाफं घातल्यावर सकाळी तिच्याजवळ बसलं की डोकं शांत व्हायचं. ती आपली चालायची, तिचं काम करायची. मी किती शिकले, कुणाची कोण, तिला काय पडलेलं नव्हतं. कटाळा कसा यील?

तुझ्या सरांचा नमस्कार घेतला. म्हातारा माणूस दारापर्यंत आला म्हणतीस. माझा बी सांग.

लेख इंग्रजीत हाय, मला वाचता येत न्हाय. सोनमनं तिसरा परिच्छेद मराठीत करून सांगितला. दोनदा सांगाय लावला. मग मी परसात जाऊन थोडा वेळ बसले. तुला ते लिहिताना काय झालं असंल ते मला कळतं गं. तू लहान हुतीस तवा खोटं बोललीस की हनवटी थरथरायची तुझी. परवा कालेजात सगळ्यांच्या पुढं तेच सांगताना ती थरथरली न्हाय. मी बघत हुते.

आता एक ऐक. दोन वर्सात तू आलीस ती कामानं आलीस. वह्या, डब्या, फोटो. आम्हाला बरं वाटलं, पण जेवताना बी तू तेच बोलतीस. पुढच्या रविवारी आण्णाला घेऊन ये. मार्चात माती वाळलीय, एक बी गोगलगाय वर यायची न्हाय. मला बघाय ये.

तुझी,
मीनाआत्ती